सात दिवसांची खोली

अमरावती,
रविवार, ८ डिसेंबर १९६३

चि. देवमन भाऊजींस,
सप्रेम जयभीम.

आज शाळेला सुट्टी. सकाळी कपडे धुतले, चौथीच्या वह्या तपासल्या, दुपारी तुमचे पत्र पुन्हा वाचले. मी बरी आहे. मायचे गुडघे कसे आहेत ते कळवा.

तुम्ही विचारता, जानेवारीत मूर्तिजापूर ते अमरावती शर्यतीत उतरू का. माय म्हणते, "धावण्यानं माहा एक लेक नेला, दुसरा देत नाही." वहिनी हो म्हणाली तरच सोडीन, असेही म्हणते.

माझे उत्तर हो आहे. मायला मी स्वतः सांगेन. काय सांगेन, ते आधी तुम्ही वाचा.

तुमचे दादा रोज किती धावले ते वहीत लिहीत. ती वही मी दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा उघडली. रोजचे चार-पाच मैल धावत, तेव्हा त्यांना शिंकही नाही. पावसाळ्यात सगळी आळी तापाने पडली, ते उभे. पण वीस मैलांच्या वर धावले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'घसा धरला', 'कणकण'. तीन वर्षांत पाच वेळा इतके लांब धावले, त्यात चारदा असे झाले. वही घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, इतके धावल्यावर रोगाशी झुंजायची अंगाची ताकद काही दिवस कमी पडत असावी; पक्के सांगता येत नाही, पण वही खोटी वाटत नाही.

म्हणजे धावणे वाईट नाही. नंतरचे दिवस जपायचे असतात.

ते दिवस मी जपले नाहीत. हे कोणाला सांगितलेले नाही. गेल्या खेपेच्या याच शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ते म्हणाले, "आज मले पडू दे वं." मी म्हटले, "पोरायले मेडल पाहू द्या, मंग पडा हप्ताभर." मला मिरवायचे होते. वर्गात पोरे त्यांना चिकटली. एकीने विचारले, "कावून पळत आले जी, एस.टी. नव्हती काय?" ते इतके हसले की खाली बसले. ती पोरगी बोलता बोलता खोकत होती. त्या आठवड्याचा हजेरीपट मी परवा काढला. एकोणचाळीसपैकी चौदा गैरहजर, सर्दी-ताप. आलेलीही खोकतच होती. मला तेव्हाही दिसत होते. गुरुवारी त्यांना ताप भरला. पुढच्या बुधवारी न्यूमोनियाने गेले.

माय धावण्याला शिव्या देत राहिली आणि मी गप्प राहिले. ते मला सोयीचे होते.

तेव्हा तुम्ही धावा. शर्यतीआधी अंगात कणकण असेल तर मात्र उतरू नका. घामाने ताप जातो, हे कोणी सांगितले तरी ऐकू नका. शर्यत संपली की हार नको, सत्कार नको, गळाभेट नको. कोरडे कपडे घाला आणि सरळ माझ्या घरी या. पुढची खोली सात दिवस तुमची. मी रजा टाकते. दारात बसेन आणि येईल त्याला परत पाठवीन, मग तो शाळेचा हेडमास्तर असो. मीच खोकत असले तर जेवण उंबऱ्यावर ठेवीन.

खोली त्यांचीच आहे, वर्षभर बंद होती. आज उघडली. अंगणात अजून ऊन आहे, बाज बाहेर टाकायची आहे. एकटीला जड जाते, पण आधी एक बाजू, मग दुसरी, अशी सरकवत नेली की निघते. तेवढ्यासाठी पत्र इथे थांबवते.

तुमची वहिनी,
सत्यवती