सातशे तळ्यांचं बहुमत

चिरंजीव भाच्यास,

मामाचे आशीर्वाद. पाठ कशी आहे? (खुर्चीत बसून तळ्याचा अभ्यास करणाऱ्यांची आधी पाठच जाते.) माझं घसा सोडून सगळं ठीक.

आपण दोघे एकाच दुःखाचे धनी: आपलं म्हणणं शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही. तुझा अहवाल लोक पहिल्या पानावर मिटतात, माझ्या भाषणात मी पाणी प्यायला थांबलो की उठतात. म्हणून परवा मच्छीमार सोसायटीच्या सभेत तुझा अहवाल मीच वाचून दाखवला. दोन तास, उभ्यानं. शेवाळाला किडा खातो, किड्याला लहान मासा, लहानाला मोठा आणि मोठ्याला आपण, इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. पुढे तू गणितात हवामान घातलंस. कधी उन्हाळा लांबतो, कधी पाणी अवेळी गार पडतं, आधी काहीच कळत नाही. म्हणून संगणकावर हेच तळं हजार वेळा चालवून पाहिलंस. जाळी महिनाभर आधी टाकली, तर सातशे वेळा मोठा मासा टिकतो, तीनशे वेळा समूळ संपतो.

आता ज्यानं जन्मभर मतमोजणी केली, त्याच्यापुढे सातशे विरुद्ध तीनशे ठेवल्यावर दुसरं काय होणार? मी टेबलावर मूठ आपटली. "तळ्यानंच कौल दिलाय! जाळी महिनाभर आधी टाकायची, ठराव मंजूर!" टाळ्यांचा कडकडाट. (तुझ्या मामीनं वाजवल्या नाहीत.) जाळी विणणाऱ्या काकू तेवढ्या उठल्या. "अध्यक्ष, आपली तळी किती हो?" म्हटलं, एक. "मग ते एक त्या तीनशेंतलं निघालं, तर पुढच्या वर्षी मी जाळी कशाला विणू?" मी त्यांना लोकशाहीवर पंधरा मिनिटं ऐकवलं. त्या विणत बसल्या. वाटेत मामी म्हणाली, "हरलात तुम्ही, कळलं का?" मला ते जेवताना, दुसऱ्या घासाला कळलं.

दोष तुझाही आहे. एवढी धोक्याची गोष्ट इतक्या शांतपणे कोणी लिहितं का? निदान एक उद्गारचिन्ह तरी!

तुझा,
मामा

ता. क. जाळी सोमवारी पडणार. मंजूर ठराव अध्यक्षाला एकट्यानं मागे घेता येत नाही. (हा नियम मीच भांडून करून घेतला.)

आणखी ता. क. रविवारी सकाळी दहाला फेरसभा बोलावली आहे. मी उठून चूक कबूल केली, तर मंडळी त्यालाही टाळ्या वाजवतील आणि ठराव तसाच ठेवतील. बोलतो फार छान ना मी. तेव्हा शनिवारच्या बसनं ये आणि भर सभेत मला पाड.