मागच्या खोलीतल्या कॅसेटा

मी, महांतेश रेवणप्पा हलगरे, वय ६८, धंदा बातम्यांचा, राहणार लातूर, पूर्ण शुद्धीवर आहे. कॅमेरा आता धरवत नाही, पण पेन धरवते. कोणी धाक घातलेला नाही आणि या वयात कोणाची भीडही उरलेली नाही. माझ्या मागे पुढीलप्रमाणे करावे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते मुलगा संगमेश यास द्यावे. तो पुण्याला असतो, त्याने विकले तरी हरकत नाही. मागच्या खोलीपुरते मात्र कलम ४ वाचावे.

२. बँकेतली ठेव सून ऋतुजा हिला. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तीच बसून होती. संगमेशला वाईट वाटेल, वाटू द्यावे.

३. कॅमेरा, माइक व एडिटिंगचा संगणक माझा जोडीदार वैजनाथ शेषेराव पवळे, राहणार लोहा, यास द्यावा. आम्ही नोकरीला होतो त्या वाहिनीने आम्हा दोघांना एकाच दिवशी घरी बसवले. तेव्हापासून नांदेड-लातूरच्या बातम्या आम्ही स्वतः चित्रित करून, कापून, आवाज देऊन, लगेच दाखवता येतील अशा तयार करून वाहिन्यांना पुरवल्या. त्यांनी वर आपला शिक्का लावला, आमचे नाव कधी लावले नाही. त्याचे आता काही वाटत नाही. वाहिन्यांतली पोरे रडणाऱ्या माणसामागे संगीत घालायची, त्याचे अजून वाटते. वैजनाथ म्हणायचा, "जाऊ द्या अप्पा, लई मनाला लावून घेऊ नका. लेकरं हायती ती." त्या लेकरांना मी माफ केलेले नाही. वकिलांनी हे वाक्य काढायला सांगितले होते, काढलेले नाही.

४. मागच्या खोलीत आमचे सगळे न कापलेले चित्रण आहे. मुंबईची एक वाहिनी ते मागते आहे. संगमेश म्हणतो, "अप्पा, देऊन टाका. नाहीतर भंगारातच जाणार." देऊ नये.

लोह्याच्या चतुराबाई दरवर्षी नवऱ्याच्या पुण्यतिथीला या खोलीत येतात. तो एसटीत कंडक्टर होता. संपाच्या बातमीत त्याचे एकच रडवेले वाक्य लागले. पण माणसाचे बोलणे संपले तरी कॅमेरा लगेच बंद करायचा नाही, ही आमची पद्धत. त्यामुळे आमच्याकडे पुढचेही आहे. तो डोळे पुसतो, हसतो आणि म्हणतो, "झालं का? च्या घेऊन जा, तसंच जाऊ नका." चतुराबाई तेवढेच बघतात आणि म्हणतात, "पुन्यांदा लावा. घरात फोटो हाय, पर फोटो बोलत न्हाई."

अशी माणसे नायगावपासून येतात. मुंबईच्या वाहिनीत त्यांना दारात तरी कोण उभे करील? म्हणून खोलीची किल्ली वैजनाथकडे राहील. घर विकल्यास त्याने सगळे लोह्याला न्यावे. आपले माणूस बघायला जो येईल त्याला बसवून दाखवावे. वैजनाथ कुरकुर करील, पण करील.

५. कपाटात एक कॅसेट वेगळी आहे, वर काही लिहिलेले नाही. एका मोठ्या पुढाऱ्याच्या मुलाखतीला माझ्याकडून बटण उलटे दाबले गेले. चालू समजलो तेव्हा कॅमेरा बंद होता, बंद समजलो तेव्हा चालू. मुलाखत आलीच नाही. आला तो परतीचा रस्ता, आमचा उंबरठा, खांद्याला लटकलेल्या कॅमेऱ्यातून तिरकी दिसणारी माझ्या बायकोची, पार्वतम्माची पावले, आणि तिचा आवाज: "आलाव का? आज तरी बसून जेवा की." मी म्हणतो, "थांब, बातमी पाठवून येतो."

पार्वतम्मा गेली. दोन जिल्ह्यांतली माणसे मी टिपली, तिचे मात्र एवढेच आहे. मला तिची फार आठवण येते.

ही कॅसेट संगमेशने मला माती दिल्यावर त्याच खोलीत बसून पाहावी. आईचा आवाज ऐकूनही त्याला खोलीतले सामान भंगार वाटले, तर कलम ४ रद्द समजावे. वैजनाथला तसे सांगून ठेवले आहे.

हे मी स्वतः वाचले, मधे पाणी प्यालो आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

(सही) महांतेश रेवणप्पा हलगरे

साक्षीदार:
१. (सही) बसवराज गुंडप्पा खानापुरे, शेजारी
२. (सही) शिवशंकर स्वामी, वकील

लातूर, दि. १४ नोव्हेंबर २०२४