दोन बोटांचे शेअर

मी, खाली सही करणारी बाई, वय एक्क्याऐंशी, शिक्षण तिसरी नापास, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने करत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन भांडून पाहावे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणणाऱ्याला काल चहा पाजून जिन्यापर्यंत सोडले. वकील म्हणाला, "आजी, अशी भाषा कोर्टात चालत नाही." म्हटले, "मला कुठे जायचंय कोर्टात? तू टाइप कर."

एक. मालमत्ता मुख्य दोन : हे दोन खोल्यांचे घर आणि लाकूड कंपनीचे शेअर. वारसही दोन. धाकटी मुलगी पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालवते, पोट भरते आणि मला अंघोळ घालते. थोरला मुलगा सल्ला देतो.

दोन. शेअर कुठून आले ते लिहिते, कारण मुलगा ती ‘बाबांची दूरदृष्टी’ म्हणून सांगत फिरतो. दूरदृष्टी कसली डोंबलाची! ह्यांची दोन बोटे कंपनीच्या करवतीत गेली. भरपाई मागितली तर मॅनेजर म्हणाला, "रोकड नाही. शेअर घ्या, मालक व्हाल." हे घरी येऊन म्हणाले, "अगं, आजपासून मी मालक. दोन बोटं भांडवल घातलंय." शेअरची किंमत कमी धरलेली आहे, हे मला कोणी शिकवू नये. बोटांची तर त्याहून कमी धरली होती.

तीन. मुलाचे म्हणणे असे : "आई, कंपनीचं नुसतं जंगल मोजलं तरी शेअरची खरी किंमत बाजारभावाच्या तिप्पट होते. बाजाराला अजून कळलेलं नाही."

"बाजाराला नाही कळलं आणि तुला कळलं?"

"हो."

"मग घाल तुझे पैसे."

"माझे अडकलेत गं. घर गहाण टाकू आणि आणखी शेअर घेऊ."

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. कंपनीचे वार्षिक पुस्तक मी चाळले आहे. गुळगुळीत कागद, पानोपानी झाडे, आणि एक खुंट दिसेल तर शपथ. लाकडाची कंपनी, आणि कापलेले झाड दाखवायची लाज! त्या झाडांना वाळवी लागली, वणवा लागला, तर काय, ते कोणत्या पानावर आहे?

चार. पण मी अडाणी. मुलाचे खरेही असेल. म्हणून वाटणी त्याच्याच शब्दावर करते. दलालाच्या मते घराची किंमत शेअरच्या आजच्या भावाच्या तिप्पट. मुलाच्या मते शेअरची खरी किंमतही तिप्पट. झाले सारखे. सगळे शेअर मुलाला, सगळे घर मुलीला. भावाचा पुळका येऊन तिने ते गहाण टाकू नये. हा सल्ला नाही, अट आहे.

पाच. ह्यांची हातकरवत समोरच्या सुताराला. मुलाच्या हाती देऊ नये, बसल्या फांदीवरच चालवेल. लंगडे स्टूल जावेला. तीस वर्षे नावे ठेवली, आता त्यावर बसावे. बँकेतली ठेव माझ्या अंत्यविधीला, उरेल ती मुलीला. रडायला माणसे जमवू नयेत. जाऊ एकटी पुरेल.

सहा. हे सारे आज मुलाला साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. चेहरा पडला. "आई, असं कसं? बाजारभाव म्हणून काही असतो की नाही?"

"म्हणजे शेअर स्वस्त नाहीत?"

"स्वस्तच आहेत. पण..."

शेवटी आईच मी. म्हटले, "बहिणीदेखत एकदा म्हण, शेअरची किंमत बाजार सांगतो तेवढीच, मला उगाच वाटलं. कलम चार आत्ता फाडते. घर, शेअर, सगळं अर्धंअर्धं."

धाकटीच्या यंत्राचा आवाज थांबला. त्याने तोंड उघडले. तेवढ्यात हातातल्या फोनवर भाव चार पैशांनी वर गेला. तोंड मिटले.

कलम चार कायम.

ठिकाण : माझे स्वयंपाकघर. तारीख वकिलाने शिक्क्याखाली घातली आहे. वेळ : बाजार चालू असताना.

सही : मृत्युपत्र करणारी, स्वहस्ते
साक्षीदार पहिला : कोपऱ्यावरचा न्हावी
साक्षीदार दुसरी : वरच्या मजल्यावरची निवृत्त नर्स

ता. क. : सही वाळेपर्यंत भाव सहा पैशांनी खाली आला. मुलगा तोवर जिना उतरून गेला होता.