पाठीवरचं नाव

प्रिय जेनिल्दो,

अकरा मिनिटं उरली होती तेव्हा कडेच्या फलकावर आठ आकडा लागला, म्हणजे मी. मधल्या वर्तुळापासून मी चालत बाहेर आलो. एरवी पंचांनी धावायला लावलं असतं. शेवटचा सामना म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं, जेनिल्दो, जेनिल्दो. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की निरोप घेताना त्याला रडू आवरेना. रडू नव्हतं. एकोणीस वर्षं ते तुझं नाव घेतायत, आणि दर वेळी मला वाटतं, तू मागून येतोयस.

फुटबॉल क्लबच्या निवड चाचणीला सतरा वर्षांच्या आतली मुलं हवी होती. मला अठरा पूर्ण झालेली, तू सोळाचा. जायचं तुझं ठरलं होतं. निघायच्या वेळी तू म्हणालास, पोट दुखतंय, आणि स्वतःचा जन्मदाखला माझ्या खिशात कोंबलास. ‘‘फोटो कुठाय त्याच्यावर? जा गुमान. आणि हे बघ, गोल मारणाऱ्यांच्या रांगेत शिरू नकोस, तिथे शंभर टाळकी असतील. म्हणायचं, मी मध्ये उभा राहून चेंडू अडवतो. ते काम कुणालाच नको असतं.’’ त्या रांगेत आम्ही नऊ जण होतो. मला घेतलं.

त्याच सकाळी तू मक्याचा कुसकुस अंड्यासोबत दोनदा मागून खाल्ला होतास. हे मला फार उशिरा आठवलं. खरं सांगायचं तर आठवत होतं, मी तिकडे बघत नव्हतो.

माझं नाव मग तुझ्याकडे राहिलं. सोळाव्या वर्षी तू अठराचा म्हणून सैन्याच्या नोंदणीला उभा राहिलास. मिशी तरी काढून जा, असं आई म्हणाली होती, पेन्सिलीनं. ट्रकचा परवाना व्हाल्मिरच्या, म्हणजे माझ्या नावाचा, लग्नसुद्धा व्हाल्मिरचं. तुझी लिंदाल्वा अजून फोनवर म्हणते, ‘‘काय हो भावजी, कागदावरचा नवरा टीव्हीवर आणि खरा पाना घेऊन ट्रकखाली! कुणाला वाढू सांगा.’’ आई जाईपर्यंत परक्यांसमोर आपल्या दोघांनाही नुसतं ‘बाळ’ म्हणायची. चूक नको.

तू कधी काही मागितलं नाहीस. सामन्यानंतर फोन करायचास आणि तेवढंच, ‘‘उजवीकडे फार बघतोस, गाढवा.’’ बरोबर असायचं. राज्याच्या अंतिम सामन्यात चाळीस मीटरवरून डाव्या पायानं टाकलेल्या त्या चेंडूचा विषय लोक अजून काढतात. मुलाखतीत विचारलं, हा पाय कुठून आणलात. मी म्हणालो, सराव. आपल्या घरामागच्या लाल मातीत दर रविवारी तू तो चेंडू सहज टाकायचास, अनवाणी, बोलता बोलता. मला तो शिकायला सहा वर्षं लागली. तू माझ्याहून चांगला खेळायचास, जेनिल्दो. हे मी आजवर कुठेही बोललो नाही, तुझ्याशीसुद्धा. मला जे मिळालं ते तुझ्या हातून मिळालं, आणि मी ते आनंदानं जगलो. ते लपवलं तर कृतघ्नपणा होईल.

परवा तुझ्या रायानेच्या पंधराव्या वाढदिवसाची पत्रिका आली. जाड कागद, गुलाबी कडा. वडिलांच्या जागी छापलंय, व्हाल्मिर. लेकीसोबत पहिला वाल्त्झ नाचायला भर सभागृहात बापाचं नाव पुकारतील, आणि ते माझं असेल. म्हणून हे पत्र. उद्या मी कारुआरूच्या नोंदणी कचेरीत जाऊन सगळं लिहून देणार आहे. वकील म्हणतो, जुने सामने उकरतील, खटला होईल, चषकांवरून नाव खोडतील. खोडू देत. दुरुस्ती नाचापर्यंत होईल की नाही, माहीत नाही. पण ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्याला कागद लागत नाही. त्याला तू तुझं नाव सांग.

तुझाच,
व्हाल्मिर
(ही सही इतक्या वर्षांनी करतोय. दुसऱ्या कागदावर आधी गिरवली.)

सोमवार, सकाळ. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. कचेरी आठला उघडली. माझ्यापुढे चौघं होते. कारकुनानं मान वर न करता नाव विचारलं. मी माझं सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं.