नवस फिटला, गोळ्या राहिल्या

प्रिय बिजू,

आज दवाखान्यात डॉक्टर मॅडम एका आईला सांगत होत्या, "घाबरू नका. पूर्वी या आजारातून फार थोडी मुलं वाचायची. आता बहुतेक बरी होतात. फक्त औषध मधेच सोडू नका." मी शेजारी तिच्या मुलीला सलाईन लावत होते. तुझाच रक्ताचा कॅन्सर, तुझंच सहा वर्षांचं वय. खोलीवर येऊन थेट वही उघडली. बोलणार तरी कुणाशी? घरी तुझं नाव काढलं की आई चुलीशी जाऊन बसते आणि बाबा उठून बाहेर जातात.

तुला मराठी कुठे धड यायची म्हणा! पण आपली पावरी बोली मला नुसती बोलता येते, लिहायला बसलं की हात अडतो.

किती हट्टी होतीस गं. गोळी जिभेखाली लपवून वर माझ्याकडे बघून हसायचीस. केस परत आले तेव्हा माझा कंगवा घेऊन बसायचीस आणि मला शाळेला उशीर व्हायचा. आता कंगवा कुणी घेत नाही.

बाबांनी तुझ्यासाठी काठी गावच्या होळीचा नवस बोलला होता. पाच दिवस पाळणी म्हणून खाटेवर बसले नाहीत, कमरेला भोपळे बांधून नाचले. तू त्यांच्या मागे पळत होतीस. घरी आल्यावर म्हणाले, "नवस फिटला. देवाने पोर बरी केली. आता वर गोळ्या देत बसलो तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल." तरी मला विचारलंच, "डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय?"

घरात वाचता येणारी मी एकटीच. दोन वर्षं, असं लिहिलं होतं. मी म्हणाले, "बरं वाटेपर्यंत."

का म्हणाले? दर महिन्याला तुला शहरातल्या दवाखान्यात न्यायला आईसोबत मलाच जावं लागायचं. मी चौदा वर्षांची होते आणि मला कंटाळा आला होता, बिजू. एवढंच.

चार महिन्यांनी ताप परत आला, तेव्हा डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं. बाबा अजून स्वतःलाच दोष देतात, होळीला काठीला जात नाहीत. मी ऐकून घेते. मला काहीच कसं वाटत नाही गं?

या रविवारी घरी जाते. तो कागद माझ्याकडे आहे, बाबांना खरं तेच वाचून दाखवणार. मग ते मला घरात घेवोत किंवा न घेवोत. शब्द तुला देते, कारण स्वतःला दिलेला मी आजवर कितीदा तरी मोडला आहे.

तुझी मोठी बहीण,
रमिला