लांब भोंगा

९ जुलै

फलक लिहायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं! नगर परिषदेला गावातल्या जुन्या वास्तूंपुढे माहिती लावायची आहे — दगडी पूल, घाट, कापसातली सरकी काढायच्या जिनाचं धुराडं, रुई दाबून गठाणी बांधायच्या त्या प्रेसचं फाटक. इतिहास शिकवणारी बाई म्हणजे रिकामीच असणार, असं त्यांनी धरलेलं दिसतं. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं.

त्याहून मोठा आनंद म्हणजे भोंग्याची माझी सूचना मान्य झाली. जिनाच्या भंगारात पडलेला जुना भोंगा दुरुस्त करून पाण्याच्या टाकीवर बसवणार. वाफेऐवजी कॉम्प्रेसरची हवा. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की लांब भोंगा — म्हणजे नदीकाठ सोडा, वर निघा. वारसाही जपला जाईल आणि गावही वाचेल, असं मी सभेत म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या.

घरी येऊन मामाजींना सांगितलं. माझे सासरे, पंजाबराव, प्रेसवर बॉयलर सांभाळायचे. हा भोंगा त्यांच्याच हातानं वाजायचा. वाटलं, खूश होतील. "कोणाले विचारून?" म्हणाले आणि ताट सरकवून उठले. धन्य!

१४ जुलै

आज स्वारी बोलायला तयार झाली. मी वही घेऊन ओट्यावर बसले. जिन नदीकाठी का? बॉयलरला पाणी लागायचं म्हणून. जानेफळ, डोणगावकडच्या कापसाच्या गाड्या पुलाच्या पार पलीकडपर्यंत थांबायच्या, माणसं गाडीखालीच भाकरी थापायची. गावात घड्याळं कमी, भोंगा एकच. आखूड भोंगा झाला की पाळी बदलली, बायांनी तवा ठेवला.

आणि लांब भोंगा म्हणजे रुईला आग! मग घरात हाताला येईल ते भांडं घ्यायचं आणि प्रेसच्या फाटकाकडे धावायचं. नदीपासून गठाणींपर्यंत माणसांची रांग, हातोहात पाणी. रुई जळली तर साऱ्या गावाची चूल विझणार, म्हणून कुणी मागं राहायचं नाही. एकदा तर मांडवातला नवरदेव मुंडावळ्यांसकट धावला होता. मला हसू आवरेना. फलकासाठी झकास मजकूर मिळाला.

२ ऑगस्ट

भोंगा टाकीवर चढला. नवऱ्याचा, भागवतचा, जालन्याहून फोन — सुट्टी नाही, आणि "बाबांशी भांडू नको." मी भांडते? मी!

१५ ऑगस्ट



झेंडावंदनानंतर भोंग्याची चाचणी होती. आदल्या दिवशी गावभर रिक्षा फिरवून सांगितलं होतं. भोंगा वाजला — आणि प्रेस लाइनीतली, म्हणजे जिन-प्रेसच्या जुन्या कामगारांच्या वस्तीतली, सगळी म्हातारी माणसं घराबाहेर पडली. बादल्या, घागरी, कुणाच्या हातात नुसतं दुधाचं गंज. नदीकडे! प्रेसच्या फाटकाकडे! सगळ्यांच्या पुढे मामाजी, एका पायात चप्पल, हातात न्हाणीतली बादली. मागून जिनात काम केलेल्या पुष्पाबाई धापा टाकत विचारत होत्या, "कुठी लागली? कुठी लागली?" जिन बंद होऊन इतकी वर्षं झाली. तिथं जळायला आहे काय? बाभळी!

पोरांनी व्हिडिओ काढले. सगळे हसले. मला मात्र घाम फुटला. उद्या खरंच पाणी सुटलं, तर बाकीचं गाव वर जाईल आणि ही माणसं पाण्याकडे धावतील. माझ्या भोंग्यावर.

१८ ऑगस्ट

नगर परिषदेत गेले. निदान आवाज तुटक तरी करा म्हटलं. इंजिनीयर म्हणाले, पत्रकं छापून वाटली, आता बदललं तर आणखी गोंधळ होईल. नारायणराव नगरसेवक तिथंच बसले होते. गोड हसून म्हणाले, "मॅडम, आयडिया तर तुमचीच होती."

तोंडात मारल्यासारखं झालं. 

२१ ऑगस्ट

प्रेस लाइनीत घरोघर फिरले. आग नाही, पूर. खाली नाही, वर. सगळे मान हलवतात — हाव, हाव, समजलं. पुष्पाबाईंनी चहा केला. त्यांची उमर जिनात सरकी वेचण्यात गेली. त्या तेवढ्या खरं बोलल्या: "समजलं वं माय. पन भोंगा वाजला का पाय ऐकत नाही."

घरी मामाजींना समोर बसवलं. लांब भोंगा झाला की उंचावरच्या आमच्या शाळेत यायचं, म्हणून दाखवा, म्हटलं.

"मी काय तुह्या वर्गातला पोट्टा हाये काय?"

मग माझाही आवाज चढला. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी रेडिओ मोठा केला. त्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

४ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या. मामाजींना म्हटलं, चार दिवस भागवतकडे जा. नाही म्हणाले.  त्या भांडणापासून आमचं बोलणं ताटापुरतंच.

९ सप्टेंबर, सकाळ

धरण भरलं म्हणे. दरवाजे आज उघडतील की उद्या, कुणाला नक्की माहीत नाही. निघताना पुन्हा सांगितलं — भोंगा झाला की वर, शाळेत. मामाजी दाढी करत होते. आरशातून नजरसुद्धा वळवली नाही. "जाय, शाळेले उशीर होऊन राह्यला तुले." एवढंच.

११ सप्टेंबर

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

परवा दुपारी भोंगा झाला. आम्ही शाळेचे वर्ग उघडून ठेवले. लोक वर येऊ लागले, गाठोडी, शेळ्या, पोरं. मी फाटकात उभी राहून एकेक चेहरा बघत होते. प्रेस लाइनीतलं कुणीच येईना. मग मी उतारावरून खाली धावले. पोलिसांनी दोर लावून वाट अडवली होती. मी ओरडले, शिव्यासुद्धा दिल्या. सोडलं नाही.

तिथून प्रेस दिसते. पाणी फाटकाला लागलं होतं. आणि नदीकडची भिंत, एवढी जुनी जाडजूड भिंत, ती बसलीच खाली. आवाजही फार झाला नाही.

थोड्या वेळानं बाजूच्या गल्लीतून म्हातारी माणसं वर आली, एकमेकांना धरून, भिजलेली. सगळी आली. पुष्पाबाईंना शुद्ध नव्हती, त्यांच्या नातीनं, पूनमनं, परस्पर गाडीत घातलं आणि बीबी गावच्या दवाखान्यात नेलं. मामाजी नव्हते. ज्याला त्याला विचारलं. सगळे एकच सांगतात: "पंजाबराव लय पुढं होता. फाटकातच. आमी मांगं होतो, दिसलं नाही बरोबर."

पुढे. अर्थात पुढे!

१२ सप्टेंबर

पुलाच्या खाली सापडले. भागवत आला आहे.

१७ सप्टेंबर

पेपरात आलं, 'सवयीने घेतला बळी'. खाली १५ ऑगस्टच्या व्हिडिओतला फोटो. एका पायात चप्पल. हातात बादली. मी तो पेपर टराटरा फाडला.

नारायणराव भेटायला आले. म्हणाले, जुनी माणसं, सांगून ऐकत नाहीत, तुम्ही तरी किती करणार. मी मान हलवली. मलाही तेच वाटतं, हे या पानाशिवाय कुणाला सांगू? राग येतो त्यांचा. भयंकर राग येतो. किती वेळा सांगितलं! घसा कोरडा केला! एकदा, फक्त एकदा या बाईचं ऐकलं असतं, तर आज ओट्यावर बसून चहात साखर कमी म्हणून कुरकुरत असते. भागवत रडतो. मला रडूही येत नाही, दात आवळले जातात.

२२ सप्टेंबर

पुष्पाबाई बीबीहून परतल्या. घरी जायच्या आधी इथं आल्या, पूनमचा हात धरून. तापानं आवाज बसला आहे. माझ्याजवळ टेकल्या. मीच बोलून गेले, मामाजी त्या दिवशीही बादली घेऊनच धावले असतील.

"कोणती बादली? हात रिकामे होते त्याचे. फाटकात आडवा उभा होता, दोन्ही हात पसरून. मीच घागर घेऊन गेली होती धावत. मले म्हने, मांगं फिर पुष्पे, आग नाही, पूर हाये. माही सून सांगते थे खरं हाये. मी फिरली, मांगच्याइले फिरवलं. थो तठीच थांबला, अजून कोनी येईन म्हून."

म्हणजे ऐकलं होतं त्यांनी माझं.