जंगलात काढलेल्या बांगड्या

नांदेड, शनिवार, संध्याकाळ

जाऊबाईंचा फोन आला होता. उद्या पुतणीला लग्नाच्या बांगड्या भरायच्या हायत, हिमायतनगरला लवकर ये म्हणाल्या. मग हळूच, "कासार आला की तू आपलं सैपाकाचं बघ, बाई." दर लग्नात हेच. हे वारल्यापासून बांगड्यांची वेळ झाली की मी चुलीपाशी.

उद्या न्हाई.

बायकांच्या सहलीबरोबर केरळच्या जंगलात फिरून आले त्याला आठवडा झाला, तरी तिथली पायवाट मनातून जाईना. वाटेला लागायच्या आधीच गाइडनं सगळ्या बायकांना बांगड्या काढायला लावल्या. आवाजानं जनावरं बिचकतात म्हणे. आमच्यातल्या एक बाई लई कुरकुरल्या, "सवाष्णीनं मोकळे हात ठेवायचे का?" शेवटी काढल्याच. मी काय काढणार? बघत उभी राहिले.

मग दोन दिवस सगळ्यांचे हात माझ्यासारखे. जळवाही सगळ्यांना सारख्याच चिकटल्या. तंबूत झोपून पहाटे उठलो, तर समोर ओढ्यावर गव्यांचा कळप! त्याच बाईंनी भिऊन माझा हात घट्ट धरला. त्यांचा मोकळा हात माझ्या मोकळ्या हातात. झालं का काही त्यांच्या नवऱ्याला? ठणठणीत! स्टेशनवर घ्यायला आला होता.

मग इतकी वर्षं मी चुलीपाशी कशासाठी बसले?

उद्या नवरीनंतर पहिला हात माझा. हिरव्याच भरणार, चांगल्या हातभर. तिथं जनावरं बिचकत होती. हिमायतनगरात कोण कोण बिचकतं, बघतेच.